आबांची दिवसाची झोप

पंधराव्या वर्षी मी एक चोरी केली. चोरलं काय, तर मुसळ. चांगलं माझ्या खांद्याला लागेल एवढं उंच, जड लाकडाचं, टोकाला लोखंडी कडं बसवलेलं. अशी वस्तू एका खोलीच्या घरात चोरून आणायची म्हणजे अक्कल गहाण पडलेली असावी लागते. त्या मे महिन्यात माझी पडली होती. आज इतक्या वर्षांनी ते सांगताना हसू येतं, पण त्या दिवशी मला अजिबात हसू आलेलं नव्हतं.

आम्ही चिंचपोकळीच्या बाजूला एका चाळीत राहत होतो, सगळ्यात वरच्या मजल्यावर. डोक्यावर पत्रा. उन्हाळ्यात अकराच्या सुमाराला तो तापायला लागायचा आणि चार वाजेपर्यंत खोलीत बसवत नसे. आई खिडकीला भिजवलेलं गोणपाट लावायची. ते अर्ध्या तासात वाळून कडक व्हायचं. मग मी तांब्याने पुन्हा पाणी मारायचं, पण तेही मोजून, कारण दुपारी नळाला पाणी नसे आणि पिंपातलं संध्याकाळपर्यंत पुरवायचं असे.

एवढ्या उष्म्यात आमचे आबा, म्हणजे माझे वडील, दिवसा झोपायचे. हौस म्हणून नव्हे. ते गिरणीत साच्यावर होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग, पण गिरणगावात त्याला माग म्हणणारा मला तरी भेटला नाही. त्या उन्हाळ्यात त्यांची रातपाळी चालू होती. सकाळी सातला पाळी सुटायची, आठच्या आत ते घरी यायचे, आंघोळ करून भाकरी खायचे आणि दहाला खाटेवर आडवे व्हायचे. चारला उठायचे. त्या सहा तासांत जी काही झोप मिळेल तेवढीच त्यांची.

त्या झोपेची मला इतकी काळजी का, तर एप्रिलमध्ये एक प्रकार झाला होता. एका सकाळी आबांना दोघा जणांनी धरून घरी आणलं. कोपर सोलवटलेलं, सदरा फाटलेला. नाक्यावर मागून लॉरी आली आणि यांचं लक्षच नव्हतं, असं त्या दोघांनी सांगितलं. लॉरी घासून गेली म्हणून वाचले. आबा खाटेवर बसून आईकडे न बघता म्हणाले, "डुलकी लागली व्हती चालता चालता. दिवसा झोपच व्हत न्हाई तर काय करणार माणूस?"

आई कोपरावर हळद दाबत राहिली. मी मात्र ते वाक्य मनात पक्कं धरलं. आबांना झोप मिळाली नाही तर एक दिवस ते लॉरीखाली जाणार, आणि मग आमचं काय होणार? माझ्या पाठचे दोघे भाऊ सुट्टीला मामाकडे गावी पाठवलेले होते. म्हणजे घरात राखणीला मीच होते.

शाळेला सुट्टी लागली तशी मी उंबऱ्यावर ठाण मांडलं. दहा ते चार. हातात काहीतरी शिवणटिपण, आणि नजर गॅलरीवर. भाजीवाला ओरडत जिना चढायला लागला की मी पहिल्या पायरीवरच त्याला गाठायचे. पोरं गोट्या खेळायला बसली की त्यांच्या गोट्या उचलून खालच्या मजल्यावर नेऊन ठेवायचे. कोपऱ्यातल्या खोलीत एक गृहस्थ दुपारी मोठ्याने पोथी वाचायचे, त्यांनाही मी जाऊन सांगितलं की देवाला मनातलंही ऐकू येतं. माझ्या तोंडाला कुणी लागायचं नाही. चाळीत मला फौजदारीण म्हणायला लागले होते आणि मला ते आवडायचंही.

फक्त एक घर मला जुमानत नव्हतं. आमच्या भिंतीला भिंत लागून असलेलं. तिथली काकी मालवणकडची, अंगाने थोराड, आवाजाने त्याहून थोराड. ती हसली तर खालच्या मजल्यावर कळायचं की काहीतरी विनोद झाला. एरवी मी तिची लाडकी होते. मासे आले की आमच्याकडे वाटीभर कालवण यायचंच. पण त्या महिन्यात तिच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं आणि लग्नाच्या नावाखाली तिने सगळी गॅलरी ताब्यात घेतली. गावाहून आठ माणसं आली होती. त्यांच्या पथाऱ्या, त्यांच्या वळकट्या, त्यांच्या नारळांचा ढीग. आमच्या दारासमोर मिरच्या वाळत घातलेल्या. मिरचीचा ठसका उठला की मी शिंकायचे, आणि शिंकसुद्धा आबांसाठी पदरात दाबून ठेवायचे.

हे सगळं मी सोसलं असतं. पण दुपारी एक वाजला की मसाला कुटायला सुरुवात व्हायची. दगडी उखळ गॅलरीत, आमच्या भिंतीपासून दोन हातांवर. चाळीचा भाडेवसुलीवाला लादी फुटते म्हणून ओरडायचा, म्हणून काकीने उखळाखाली चार-पाच गोणपाटं घडी करून घातली होती. त्याने लादी हादरायची थांबली, आवाज काही थांबला नाही. दोन बायका समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने मुसळ घालायच्या. एकीचं खाली आलं की दुसरीचं वर. वर त्यांची गाणी. एक ते चार, अगदी ठरवून आबांच्या झोपेच्या वेळात.

मी पहिल्या दिवशी नीट सांगून पाहिलं. "काकी, आबा झोपलेत. रातपाळी आहे ना त्यांची."

काकीने मुसळ टेकवलं आणि कपाळाचा घाम पुसला. "माका काय ठावक नाय काय गो? पण मसालो कुटूचो कधी? सकाळी नळाची गर्दी, सांजचे पुरुष पेपर वाचूक बसतत. ऱ्हवली दुपार. माज्या चेडवाचा लगीन आसा, तां काय तुज्या आबांची पाळी बघून ठरवतलंय?"

"मग खाली अंगणात कुटा."

"खाली ऊन बघलंस? बायका भाजून निघतली." आणि मग तिचा तो हसरा, मला चिडवणारा आवाज, "चाळीत ऱ्हवाचा तर इतकां सोसूक व्हयां. नाय तर मलबार हिलार जावन ऱ्हवा."

सगळ्या बायका हसल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी काही बोलणार तेवढ्यात आतून आईची हाक आली, "आत ये." मी आत गेले. आई डाळ निवडत होती. मला वाटलं, आता आई उठेल आणि चार शब्द सुनावेल. माझी आई भांडणाला भिणारी नव्हती. नळावर एका कळशीवरून तिघींना पुरून उरलेली मी तिला पाहिली होती. पण ती म्हणाली, "कुटू दे त्यांना. लगीनघर हाय."

"आणि आबा?"

"त्यांचं मी बघते. तू नको मधे पडू."

आई अशी मूग गिळून बसली हे मला समजलं नाही. सांगायला लाज वाटते, पण मला आईचा रागच आला. नवरा लॉरीखाली येता येता वाचतो आणि ही शेजारणीच्या लग्नाची काळजी करते, असं मी मनात म्हटलं. पंधराव्या वर्षी आपल्याइतकं कुणाला कळत नाही.

चार वाजता आबा उठायचे. मी चहा टाकायचे. पहिला घोट घेतला की ते म्हणायचे, "काय ही कुटाकूट! डोळ्याला डोळा लागला न्हाई बघ." रोज हेच. साचेखात्यातली सगळीच माणसं मोठ्याने बोलतात तसे तेही बोलायचे, त्यामुळे भिंतीपलीकडे काकीला ऐकू जात असणार. जाऊ दे, असंच मला वाटायचं. एक गोष्ट मात्र मला तेव्हाही खटकली होती. एका दुपारी पलीकडे मुसळं ऐन जोरात असताना मी आत डोकावले, तर आबा चक्क घोरत होते. चारला उठून म्हणाले, डोळ्याला डोळा लागला नाही. मला वाटलं, दमलेल्या माणसाला आपण झोपलो हेसुद्धा कळत नसेल.

आबांच्या झोपेबरोबर आणखी एक गोष्ट गेली होती आणि तिचं खापरही मी काकीच्याच माथ्यावर फोडलं होतं. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. आमच्या जिन्याच्या भिंतीवर खडूने, कोळशाने, जे मिळेल त्याने 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' लिहिलेलं असायचं. मैदानावर सभा असली की चाळीतले निम्मे पुरुष जायचे, पण खरी वाट बघितली जायची ती आबांची. आबा सभा ऐकून यायचे आणि गॅलरीत उभे राहून अख्खं भाषण करून दाखवायचे. वक्ता कुठे थांबला, कुठे उपरणं झटकलं, लोक कुठे हसले, सगळं. ज्यांना पाळीमुळे जाता आलं नाही ते, बायका, म्हातारे, सगळे कोंडाळं करून ऐकायचे. इयत्ता चौथी शिकलेला माझा बाप, पण एकदा ऐकलेलं त्यांच्या डोक्यातून जात नसे. मला त्यांचा फार अभिमान होता.

त्या उन्हाळ्यात ते सभेला जायचे, पण परत आल्यावर कुणी विचारलं की म्हणायचे, "पेपरात येईल की उद्या. वाचा." फारच आग्रह झाला तर, "डोकं जड हाय. झोप न्हाई." संध्याकाळी गॅलरीत कुणीतरी पेपर मोठ्याने वाचायचा तेव्हा ते अगदी मागे, कठड्याला टेकून बसायचे आणि सगळे हसले की हसायचे. लोक हळूहळू विचारायचे बंद झाले. मला ते फार लागलं. काकीच्या मसाल्यापायी माझ्या बापाचं भाषण गेलं, असा माझा हिशेब होता.

मग एका सकाळी आबा आले तेव्हा त्यांच्या लेंग्याला गुडघ्यापासून खाली काळं वंगण फासलेलं होतं. ते म्हणाले गिरणीत लागलं. पण मी गॅलरीतून त्यांना रस्त्यावरून येताना पाहिलं होतं. हातगाडीवाला मागून ओरडत आला, शेवटी गाडीचं चाक त्यांच्या पायाला घासून गेलं, आणि ते दचकून भिंतीला चिकटले. आईने तो लेंगा न बोलता भिजत घातला. मी त्याच क्षणी ठरवलं की आज कुटणं बंद.

त्या दिवशी आई जेवणं उरकून भायखळ्याला मावशीकडे गेली होती. मावशी आजारी होती. काकीकडची माणसं जेवून लवंडली होती. काकी खालच्या मजल्यावर बायकांना बोलवायला गेली. मुसळ भिंतीला टेकवून ठेवलेलं. एकच होतं, दुसरं त्या रोज खालून मागून आणायच्या. मी ते उचललं, आत आणलं, आणि भावांच्या गाद्यांची वळकटी पोटमाळ्यावर होती तिच्यात गुंडाळून ठेवलं. आबा भिंतीकडे तोंड करून पडलेले होते. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मी उंबऱ्यावर येऊन बसले आणि शिवण हातात घेतलं.

काकी वर आली. मुसळ नाही. आधी तिने घरात शोधलं, मग जिन्याखाली, मग एकेकीला विचारलं. मला वाटलं होतं ती आकांडतांडव करील आणि मी ठणकावून उत्तर देईन. उत्तरं तयार होती माझी. पण तसं झालं नाही. तिचा आवाज वाढण्याऐवजी उतरत गेला. बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. त्यांच्या बोलण्यातून मला तेव्हा कळलं की दुसऱ्या दिवशी हळद कुटायची होती. लग्नाआधी दोन मुसळं आंब्याच्या पानांनी एकत्र बांधतात, पाच सवाष्णी हात लावतात आणि हळकुंडं कुटतात, ती हळद नवरीला लागते. आणि हे मुसळ नुसतं मसाल्याचं नव्हतं. काकीच्या सासूच्या लग्नात याच मुसळाने हळद कुटलेली, काकीच्याही. ते गावाहून बोटीने आणलं होतं, एवढ्यासाठीच. आदल्या दिवशी तेच नाहीसं व्हावं, हा अपशकुन हे लहान पोरालाही कळलं असतं.

काकी आमच्या दाराशी आली. आत आबा झोपलेत हे बघून ती वाकली आणि अगदी दबक्या आवाजात विचारलं, "गो, माजां मुसळ बघलंस काय खंय?"

ही बाई कुजबुजू शकते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी मान हलवली. नाही म्हणून. तिच्यामागे नवरी मुलगी उभी होती. मी तिला ताई म्हणायचे. माझ्या वेण्या घालायची ती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला त्या क्षणी सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण मी घड्याळाकडे बघितलं. दोन वाजले होते. चार वाजेपर्यंत, मी मनाशी म्हटलं. आबांना एक दुपार पोटभर झोपू दे, मग देते. आपण चुकीचं करतो आहोत हे कळून करत राहिले. तेवढं कबूल करते.

तशी शांत दुपार त्या महिन्यात झाली नव्हती. गॅलरीत बायका बोलतसुद्धा नव्हत्या. लांबून कुठूनतरी लोहाराची ठोकणी ऐकू येत होती आणि पत्रा तडतडत होता, बस. मी दोनदा गोणपाटावर पाणी मारलं. दोनदा आत डोकावले. आबांची पाठ होती. झोपले असतील, असं मला वाटलं.

चारला ते उठले. मी स्टोव्ह पेटवला. चहाचा कप हातात दिला आणि वाट बघत उभी राहिले. खरं सांगते, बक्षिसाची वाट बघावी तशी.

आबांनी घोट घेतला. म्हणाले, "आज तर हद्द केली बघ. एक वाजल्यापासनं जी कुटाया लागली ती आत्तापतूर. एक क्षण डोळा लागला असंल तर शपथ."

मला वाटलं ते थट्टा करतायत. मी हसले आणि गाळणं विसळायला मोरीकडे वळले. मी पाठमोरीच म्हणाले, "आबा, आज कुणी कुटलंच नाही."

उत्तर आलं नाही.

मी पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने, "आज मुसळाला हात लागला नाही कुणाचा."

ते चहा पीत होते. फुर्रकन आवाज आला, बशी ठेवल्याचा आवाज आला, पण ते काही बोलले नाहीत. मी वळले. माझा चेहरा त्यांना दिसला तेव्हा त्यांनी विचारलं, "काय म्हणालीस?"

त्यांची नजर माझ्या डोळ्यांवर नव्हती. ओठांवर होती. साच्यावरची माणसं सगळीच ओठ बघून बोलतात, तिथे दुसरं काही ऐकूच येत नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण ती खोली होती, गिरणी नव्हती. आणि बाहेर एवढं शांत होतं की खालच्या नळाची ठिबक वर येत होती.

लॉरी. हातगाडी. सभा. सगळे हसल्यावर हसणं. आईचं गप्प बसणं. ज्या गोष्टी मी झोपेच्या खात्यावर टाकल्या होत्या त्या सगळ्या एकामागून एक तिथून उठल्या. डुलकी कधी लागलीच नव्हती. त्यांनी लॉरी ऐकलीच नव्हती.

"म्हटलं, आज फारच कुटत होते," मी म्हणाले.

"तेच तर," आबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा सुटकेचा भाव मी आजही विसरलेले नाही. "तूच सांग आता. माणूस झोपणार कसा?"

ते हात-तोंड धुऊन खाली गेले. मी माळ्यावर चढले, मुसळ काढलं आणि सरळ काकीच्या दारात जाऊन उभी राहिले. सगळ्यांच्या देखत सांगितलं की मी नेलं होतं. कुणीतरी "अगो बाई!" म्हणालं. काकीने हात उगारला, आणि मी गाल पुढे करायलाही तयार होते. पण तो हात तसाच राहिला.

"कित्याक गो?" तिने विचारलं. "कित्याक नेलंस?"

"आबांना झोप लागावी म्हणून."

तिने मुसळ घेतलं, कपाळाला लावलं, आत नेऊन देवापुढे आडवं ठेवलं. ताई रडत होती आणि हसतही होती. काकी बाहेर आली तेव्हा तिचा राग गेला होता. उलट तीच ओशाळली होती. "माका इतकां वाटलां नाय गो," ती म्हणाली. "मी आपली लग्नाच्या घाईत. उद्यापासून खाली अंगणात कुटतलंव. तुज्या आबांका सांग, निजा म्हणान."

महिनाभर मी जे मागत होते ते ती आपणहून देत होती. मी म्हटलं, "नको काकी. इथेच कुटा. आमच्या दारासमोरच कुटा."

"खुळी आसस काय गो तू?"

मला तिला कारण सांगता येईना. कुटणं थांबलं असतं तर आबांना बोट दाखवायला दुसरं काही उरलं नसतं. मी नुसतं म्हणत राहिले, इथेच कुटा, रोज कुटा. काकीने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.

आई संध्याकाळी आली. काकीने तिला जिन्यातच गाठून सगळं सांगितलं असणार, कारण ती वर आली ती माझ्याकडे बघतच. मी तिला मोरीपाशी गाठलं आणि विचारलं, "तुला माहीत होतं?"

तिने पदराने मान पुसली. "दिवाळीपासनं," ती म्हणाली. "त्यास्नी वाटतंय कुणाला कळलं न्हाई. तसंच वाटू दे."

"पण लपवायचं कशाला? साच्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांचे कान गेलेत. कुणाची नोकरी गेली?"

"नोकरीचं न्हाई गं ते." आई गॅलरीकडे बघत होती. तिथे पेपर वाचायला माणसं जमत होती आणि आबा मागे कठड्याला टेकून बसले होते, पुढच्याच्या ओठांकडे नजर लावून. "सभा ऐकून येणारा माणूस त्यो. सगळी चाळ त्यांच्या तोंडाकडं बघत बसायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी दुधाची बरणी घेतली आणि घराबाहेर पडले. दूधवाला आमच्या चाळीखालीच यायचा, पण आईने विचारलं नाही. पाळी सुटली तेव्हा मी गिरणीच्या फाटकासमोर उभी होते. आबा बाहेर आले, केसांत कापूस, आणि मला बघून थबकले. मी बरणी वर करून दाखवली. इकडे दूध चांगलं मिळतं, असं काहीतरी म्हटलं. त्यांनी ते खरं धरलं, किंवा धरल्यासारखं केलं.

आम्ही निघालो. मी त्यांना भिंतीच्या बाजूला ठेवलं आणि आपण रस्त्याच्या बाजूने चालू लागले. आबा काकीवर बोलत होते, मोठ्याने, दोन्ही हात हलवत. लग्न अजून आठ दिवसांवर आहे, तोवर काही आपली सुटका नाही, असं. नाक्यावर मागून लॉरी आली. तिचा हॉर्न वाजला, एकदा, दोनदा. मी त्यांचा हात धरला नाही. नुसती त्यांच्या अंगावर सरकले, तसे तेही बोलणं न थांबवता भिंतीकडे सरकले, आणि लॉरी गेली.

"येकदा लगीन होऊन जाऊ दे," आबा म्हणाले, "मग बघ मी कसा झोपतो."

मी त्यांच्याकडे पूर्ण तोंड वळवलं, त्यांना माझे ओठ नीट दिसतील असं, आणि म्हटलं, "हो आबा. लग्न झालं की सगळं ठीक होईल."